सीट नसलेली मोटारसायकल आणि गोव्याचा पाऊस

(दृश्य : गोव्यातल्या साखळी गावाजवळचं एक गॅरेज. पत्र्यावर पाऊस वाजतोय. कॅमेरा कोपऱ्यातल्या गाडीवर.)

हिची सीट कुणी काढून नेलेली नाही. कारखान्यातूनच ती सीटशिवाय आली. ट्रायल्सची मोटारसायकल उभ्यानं चालवायची, म्हणून बसायची सोय ठेवलेलीच नसते. वजन सत्तर किलोच्या आतबाहेर; आपल्या दारातली स्कूटरसुद्धा हिच्याहून जड. टाकीत जेमतेम अडीच-तीन लिटर पेट्रोल मावतं. वेगाशी हिचं देणंघेणं नाही. दगड, ओंडके, ओढ्यातले गोटे, उभी चढण यांवरून पाय न टेकता पार व्हायचं, एवढाच खेळ. एकदा पाय टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही टेकला तरी तीन. आपटलात तर पाच. ज्याच्या नावावर कमी गुण, तो जिंकला.

खेळ मूळचा ब्रिटनचा. तिथं जड फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. १९६५ मध्ये सॅमी मिलरनं स्पेनच्या बुल्ताको कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि वारं फिरलं. पुढे टोनी बोऊनं फोर-स्ट्रोक मॉन्टेसावर २००७ पासून जगज्जेतेपदांची रांग लावली, तरी आजही या खेळातल्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोकच. कोपऱ्यातली हीसुद्धा. अडीचशे सीसी, युरोपातून आलेली.

टू-स्ट्रोक आहे म्हणूनच ती या गॅरेजात आहे. गॅरेजच्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकनी, याआधी ट्रायल्सची गाडी पाहिलेली नव्हती. पण आरएक्स हंड्रेड त्यांना झोपेतसुद्धा उघडता येते. यामाहाची ती गाडी भारतात १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली, आणि गोव्यात मात्र अजून कुणी तिला म्हातारी म्हणत नाही. राजदूत, बजाजची एम एटी, आरएक्स या टू-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला पिस्टन, रीड व्हॉल्व्ह, क्रँकचं सील हे सगळं ओळखीचंच.

(दृश्य : मेस्त गाडीभोवती एक फेरी मारतात. हत्यार अजून हातात नाही.)

गाडीचा मालक याच तालुक्यातला, तरुण. भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, परवानगी काढून तो एका बंद चिरेखाणीत, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीत, सराव करतो. जांभ्याच्या कापलेल्या पायऱ्या, सरळ भिंती, खाली तांबडी माती. ट्रायल्सला यापेक्षा चांगलं मैदान मुद्दाम बांधूनही मिळणार नाही. गाडी पिकअपमध्ये टाकून न्यावी लागते, कारण ती रस्त्यावर चालवायची गाडीच नव्हे. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं आणि भरलेल्या खाणीच्या आसपास फिरकू नये हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते बाहेरून येणाऱ्यांना. जूनमध्ये सराव थांबला. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरायला लागला आणि गाडी काही चालू होईना.

"जूनपासून उभीच?"

"होय, मेस्त."

"पेट्रोल तेच?"

"तेच."

मेस्त पुढे काही बोलले नाहीत. अर्धं निदान इथंच झालं होतं.

गोव्यात ही गाडी चालवून जेवढी बिघडते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. चार महिने हवा ओली, रात्री ओली, दिवसा ओली. किनारा जवळ असला तर त्यात मीठ. जोडणीच्या पिना हिरव्या पडतात, बेअरिंगमधलं ग्रीस पांढरं होतं, ब्रेकच्या कॅलिपरचे पिस्टन जाम होतात. दुरुस्तीची माहिती देणारे बहुतेक व्हिडिओ कोरड्या किंवा थंड देशातले असतात आणि गाडी किती तास चालवल्यावर काय बदलायचं ते सांगतात. इथं कॅलेंडर बघूनच काम काढावं लागतं.

(दृश्य : हँडलवरचा किल स्विच, अगदी जवळून. मनगटाला बांधायची दोरी, टोकाला चुंबक.)

इंजिनला हात लावण्याआधी हा स्विच. दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला चुंबक. माणूस पडला की चुंबक निघतो, ठिणगी बंद होते आणि गाडी अंगावर घरघरत राहत नाही. फार चांगली सोय, पण ओलाव्यानं आतला संपर्क खराब झाला की चुंबक जागेवर असूनही स्विच इंजिन बंदच ठेवतो. मेस्तांनी प्लग काढला, हेडला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. स्विचची जोडणी तपासणीपुरती सोडवली, परत किक. निळी ठिणगी. जोडणीच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर होता. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, वरून जरासं डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि स्विच पुन्हा जागेवर. ही जोडणी कायमची काढून गाडी चालवणारे महाभाग आहेत. त्यांना शहाणपण शिकवण्याच्या भानगडीत आपण पडू नये, फक्त त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

आता गाडी चालू होते, पण थ्रॉटल सोडला की बंद पडते.

(दृश्य : कार्ब्युरेटरचं तळाचं भांडं उघडतात. आत पिवळसर, ढगाळ पेट्रोल. तळाशी एक थेंब वेगळाच लोळतोय.)

हा थेंब नीट बघा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि पेट्रोल वर राहतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या हवेतला ओलावा रोज थोडा थोडा आत येतो. शिवाय टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. तळाच्या पाण्यात ते तेल नसतं, त्यामुळे तेच आधी ओढलं गेलं तर पिस्टनला वंगण मिळत नाही. जूनच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करणं हे पाच मिनिटांचं काम, आणि ते न केल्यानं निघणारं काम दिवसभराचं.

ट्रायल्सच्या गाडीत थ्रॉटल क्वचितच पूर्ण उघडतो. बराचसा वेळ इंजिन पायलट जेटवर, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पितळी तोटीवर चालतं. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलीमीटरहून बारीक. वाळलेल्या पेट्रोलचा एक चिकट कणही ते बुजवायला पुरतो. रस्त्यावरच्या गाडीला हे वेग पकडल्यावर जाणवतही नाही. इथं मात्र सगळा खेळच त्या भोकावर. मेस्तांनी जेट काढला, उजेडासमोर धरला.

"दिसतं काय रे पलीकडचं?"

"नाही, मेस्त."

तार घालायची नाही. पितळ मऊ असतं. तारेनं भोक एका बाजूला खाल्लं की तो जेट पुन्हा मापात येत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवायचा, दाबाची हवा मारायची, पुन्हा उजेडात बघायचं. भोक गोल दिसलं की काम झालं. जोडल्यावर हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू आधी पूर्ण आत फिरवायचा, पण हलक्या हातानं, आणि मग साधारण दीड फेरी बाहेर काढायचा. हा फक्त आरंभ. इंजिन गरम झाल्यावर पाव पाव फेरीनं इकडेतिकडे करत आवाज ऐकायचा. ओल्या हवेत वाफ प्राणवायूची जागा अडवते, त्यामुळे मिश्रण थोडं जाड होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. पावसाळी दिवसात स्क्रू किंचित बाहेर ठेवला तर इंजिन साफ बोलतं. नोव्हेंबरमध्ये परत बघायचा.

(दृश्य : इंजेक्शनची सिरिंज, त्यात निळसर तेल.)

आता तेल. जुन्या स्कूटर-मोपेडवाल्यांच्या हाताला लिटरला तीस-चाळीस मिलीलीटर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल घालायची सवय. हिला चांगलं सिंथेटिक तेल सत्तरास एक या प्रमाणात पुरतं, म्हणजे लिटरला साधारण चौदा मिलीलीटर. कंपनीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं. कमी फेऱ्यांवर रेंगाळणाऱ्या इंजिनात जास्तीचं तेल नीट जळत नाही. प्लग काळा, ओला होतो, एक्झॉस्टमध्ये चिकटा साठतो आणि नेमकी चढणीवर गाडी गुदमरते. म्हणून झाकणानं मोजणं बंद, सिरिंजनं मोजायचं. मेस्तांना हे आधी पटेना. दोन प्लग समोर ठेवल्यावर पटलं.

इंजिन आता शांत चालतंय. पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबलेला असतानाही गाडीनं पुढे उडी मारली. क्लचच्या प्लेटा गाडी उभी राहून एकमेकींना चिकटल्या आहेत. यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये घ्यायची, क्लच दाबून पुढेमागे ढकलायची. चिकटलेल्या प्लेटा सुटल्याचं हातालाच कळतं. मग न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं गरम होऊ द्यायची. तरीही ओढत राहिली तर गिअर ऑईल आणि हायड्रॉलिक क्लचमधली हवा बघायची. इथं एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून करावी : काही गाड्यांच्या क्लचमध्ये मिनरल ऑईल असतं, काहींत डॉट फोर ब्रेक फ्लुइड. झाकणावर लिहिलेलं वाचायचं. एकाच्या जागी दुसरं ओतलं की आतली रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरचं किट आलंच.

(दृश्य : गिअर ऑईल निथळतंय. रंग दूध घातलेल्या चहासारखा.)

हा रंग म्हणजे आत पाणी. पण कुठलं? वाळवंटी नदीच्या काठी किंवा एखाद्या व्हाळात (ओढ्यात) गाडी बुडाली असेल तर ब्रीदरच्या नळीतून शिरलेलं. बुडालीच नसेल तर रेडिएटरची पातळी बघा. ती उतरलेली असेल तर वॉटर पंपचं सील गेलं. या पोरानं मे महिन्यात गाडी व्हाळात पाडली होती आणि रेडिएटर भरलेला आहे, त्यामुळे दोनदा ऑईल बदलून भागलं. याच्या उलटही होतं : गिअर ऑईल कमी होत जातं आणि धूर पांढरा येतो, तेव्हा क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलेलं असतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर तिथून हवा ओढली जाते आणि थ्रॉटल सोडूनही इंजिन चढंच राहतं. आरएक्सवाल्या मेस्तांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनीच आम्हाला सांगितलं.

रेडिएटरचा पंखा फिरतो का तेही बघितलं. गाडी एवढी हळू चालते की वाऱ्यानं थंड होण्याचा प्रश्नच नाही, सगळा भार पंख्यावर. ब्रेक पॅड ठीक, चेन ठीक.

टायरची हवा मात्र गॅरेजच्या मीटरवर दिसेना. मागच्या टायरमध्ये चार ते पाच पौंड, पुढच्यात पाच ते सहा. आपल्या पंपावरचे मीटर पंचवीस-तीसच्या हवेसाठी केलेले, त्यांचा काटा इतक्या खाली धड हलतही नाही. पंधरा पौंडांपर्यंतच दाखवणारा वेगळा गेज घ्यावाच लागतो. एक पौंड इकडचा तिकडे झाला तर चिऱ्याच्या कडेवर टायर एक तर घसरतो, नाही तर रिम आपटतो.

(दृश्य : मागचा शॉक सुटा केलेला. लिंकेजचे बोल्ट ठोकून ठोकून निघतात.)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इथं. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खाली, चिखलाच्या सगळ्यात जवळ, स्विंगआर्मला शॉकशी जोडणाऱ्या लिंकेजची नीडल बेअरिंगं. वरून काही कळत नाही. मागचं चाक हातानं वर उचलून बघितलं की किंचित टकटक लागते, तेवढीच खूण. बोल्ट निघाला तेव्हा आतून तांबडं पाणी आलं; मातीचं आणि गंजाचं. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर पंप हे काम फार मन लावून करतो : बाहेरचा चिखल धुतो आणि सीलच्या आत नेऊन भरतो. गाडी पाइपच्या साध्या पाण्यानं धुवावी आणि पावसाळ्याच्या आधी लिंकेज सोडवून जलरोधक ग्रीस भरावं. नंतर भरून काय उपयोग.

तीन बेअरिंगं गेली होती. पोरगा परदेशातून मागवायला निघाला होता. मेस्तांनी एका बेअरिंगची कड फडक्यानं पुसली आणि त्यावर कोरलेला आकडा त्याला वाचायला लावला. कंपनीच्या डब्यात आलेलं असलं तरी बेअरिंग बहुधा प्रमाण मापाचंच असतं. आकडा, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी एवढं लिहून नेलं की म्हापशात किंवा पणजीत बेअरिंगच्या दुकानात मिळण्याची चांगली शक्यता असते. सीलं आणि बुशा मात्र गाडीच्याच मागवाव्या लागतात, आणि त्या यायला वेळ लागतो. म्हणून त्यांची ऑर्डर आजच गेली. बेअरिंगं उद्या येतील, बुशा येईपर्यंत गाडी स्टँडवरच राहील.