दिवाडीचा बिशप, जो गोव्यात कुणालाच नको होता

जुन्या गोव्याहून ही फेरीबोट सुटते ना, ती मांडवी ओलांडून जाते दिवाडी बेटावर. 1594 च्या आसपास इथे महाले नावाच्या ख्रिश्चन झालेल्या ब्राह्मण घरात मातेउश द कास्त्रो जन्मला. पोराला पाद्री व्हायचं होतं, मांडवीच्या मुखाजवळच्या रेईश मागुशला फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांकडे शिकलाही, पण आर्चबिशप म्हणाले नाही, इथल्या माणसाला दीक्षा नाही.

मग पठ्ठ्याने थेट रोम गाठलं, तेही पोर्तुगीज जहाजाने नाही, इराणमार्गे खुष्कीने! तिथे 1622 मध्ये पोपने मिशनसाठी प्रोपगांडा फिदे हे नवीन खातं काढलं होतं आणि त्याचे सेक्रेटरी इंगोली यांना स्थानिक पाद्री हवेच होते, कारण इकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क (पाद्रोआदो म्हणतात तो) रोमला सलत होता. म्हणजे नुसती माया नव्हती हो, राजकारणही होतं. मातेउश पाद्री होऊन घरी आला तर गोव्यात त्याचे कागदच कुणी मानेना, परत रोम. मग 1637 मध्ये त्याला सरळ बिशपच केलं, लॅटिन पंथाचा (म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणाऱ्या कॅथलिकांचा) पहिला भारतीय बिशप.

आता गंमत बघा, पद मिळालं क्रिसोपोलिसचं, ते नावापुरतं, खरं काम आदिलशाही मुलखात. म्हणून त्याने डिचोलीत ठाण मांडलं, डिचोली तेव्हा विजापूरकरांची. दिवाडीचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं तेव्हा देवही नदीपलीकडे डिचोलीच्याच बाजूला नार्व्याला गेला होता, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलं तेच हे देऊळ. म्हणजे देव आणि बिशप, दोघांची वाट एकच.

1653 मध्ये त्याने 'ब्राह्मणांचा आरसा' लिहिला, पोर्तुगीजांविरुद्ध उठा असं सांगणारा. पण उठा कुणाला, तर आपल्या ब्राह्मण ख्रिश्चनांना, बाकी जातींचं काय हा प्रश्न त्याला फारसा पडलेला दिसत नाही, त्यामुळे उगाच स्वातंत्र्यवीर वगैरे म्हणायला माझी जीभ अडखळते. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली आणि पोर्तुगीज म्हणाले, यामागे बिशपचीच फूस.

शेवटी तो रोमला गेला तो परत आलाच नाही, 1677 मध्ये तिथेच वारला. त्याच्या जागी डिचोलीच्या बाजूला नेमला गेलेला कुश्तोदियु द पिन्यू, तोही गोंयकारच.