पत्र्याची जाडी : पंचविसाव्या हिश्शाची बेल एअर

[दृश्य : कागदी खोक्याचे झाकण उचलले जाते. आत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले सुटे भाग.]

खोक्यावरच्या चित्रात १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर उभी आहे. दोन दरवाजे, खिडक्यांच्या मध्ये खांब नसलेले छत, बॉनेटवर दोन लांबट उंचवटे आणि मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे उभे राहिलेले पत्रे. खरी गाडी २०० इंच, म्हणजे पाच मीटरहून थोडी अधिक लांब होती. खोक्यातली गाडी तिच्या पंचविसाव्या हिश्शाची आहे, त्यामुळे जोडून झाल्यावर ती साधारण २० सेंटिमीटर भरेल. सध्या ती शंभरेक तुकड्यांत विखुरलेली आहे, आणि ते सगळे तुकडे एकाच फिकट रंगाचे असल्यामुळे इंजिन कोणते आणि आसन कोणते, हे ओळखायलाही अनोळखी माणसाला वेळ लागेल.

मोटार लहान करणे हे वरवर पाहता भागाकाराचे काम वाटते. लांबीला २५ ने भागावे, रुंदीला भागावे, १४ इंची चाकाला भागावे, की झाले. हा भागाकार पत्र्यापाशी येऊन अडतो. त्या काळातल्या मोटारीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असे. त्याला २५ ने भागले, तर ०.०४ मिलिमीटर उरतात, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. तितकी पातळ प्लॅस्टिकची भिंत साच्यातून धड बाहेर येणार नाही आणि आलीच तर बोटांच्या दाबाने मोडेल. म्हणून किटमधल्या, म्हणजे अशा जोडायच्या खोक्यातल्या, बॉडीची भिंत एक ते दीड मिलिमीटरची ठेवलेली असते. हिशेब उलटा करून पाहिला, तर ही मोटार अडीच ते पावणेचार सेंटिमीटर जाड पत्र्याची, जवळजवळ रणगाड्याच्या चिलखताची ठरते. पाहणाऱ्याला हा आकडा ठाऊक नसतो, पण त्याच्या डोळ्याला काहीतरी खटकते आणि तो म्हणतो, “खेळणे छान आहे.” या छंदातले बहुतेक कसब त्या एका शब्दाला हुलकावणी देण्यात खर्च होते, असे आमचे मत आहे.

[दृश्य : जुन्या शोरूमचा काउंटर. त्यावर चकचकीत छोट्या गाड्या.]

इंच-फुटांच्या देशात एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे १:२४, हे प्रमाण मोजायला सर्वांत सोपे, आणि किटे काढणाऱ्या मोनोग्रामसारख्या कंपनीने ते वर्षानुवर्षे वापरलेही. अमेरिकन गाड्यांच्या किटांत १:२५ रुजले, ते गाड्यांच्या विक्रेत्यांमुळे. १९४८ साली मिशिगन राज्यात अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज ही कंपनी निघाली. पुढे ती एएमटी या आद्याक्षरांनीच ओळखली जाऊ लागली. फोर्डच्या विक्रेत्यांसाठी नव्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करणे हे तिचे सुरुवातीचे काम होते. नावाप्रमाणे पहिली प्रतिकृती अॅल्युमिनियमची होती, पण लवकरच कंपनी प्लॅस्टिककडे वळली. खऱ्या गाडीच्या रंगांतच या प्रतिकृती रंगवल्या जात, त्यामुळे गिऱ्हाइकाला रंग दाखवायला त्या उपयोगी पडत आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाचे मन जिंकायला त्याहून अधिक. त्या काळच्या सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती वर्षे सरतात तशा वाकतात. संग्राहकांच्या कपाटांत आजही छत खचलेल्या आणि नाक वर आलेल्या गाड्या दिसतात, त्या याच कारणाने. नंतर आलेल्या पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकने हा दोष दूर केला.

१९५८ साली एएमटीने त्याच साच्यांतली गाडी सुटी करून खोक्यात भरली आणि तिला ‘थ्री इन वन’ असे नाव दिले. एकाच खोक्यातून कारखान्यातून निघते तशी, मालकाच्या हौसेप्रमाणे सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी कोणतीही एक गाडी तयार करता येत असे, आणि उरलेले भाग पुढच्या गाडीसाठी डब्यात जमा होत. किंमत दीड डॉलरच्या आसपास असल्यामुळे शाळकरी मुलालाही खाऊच्या पैशांतून ती परवडत असे. पाठोपाठ डेट्रॉइटची जो-हॅन, कॅलिफोर्नियाची रेवेल, शिकागोची मोनोग्राम आणि १९६० च्या दशकात एमपीसी या कंपन्यांनीही अमेरिकन गाड्यांची किटे काढली. जॉर्ज बॅरिससारखे खऱ्या गाड्या कापून-जोडून सजवणारे कारागीर किट कंपन्यांसाठी काम करू लागले.

या किटांचे साचे कसे होत, ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण आज कोणती गाडी मिळते आणि कोणती मिळत नाही, याचे उत्तर त्यात आहे. आधी गाडीचा मोठा, बहुधा दहाव्या हिश्शाचा लाकडी नमुना कोरला जाई. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या नमुन्यावरून फिरे आणि तिच्या हालचाली लहान करत यंत्राचे दुसरे टोक पोलाद कोरत जाई. हे काम फार महागाचे होते. इकडे डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या दरवर्षी गाडीची जाळी, दिवे आणि पर बदलत. प्रत्येक वर्षी नवा साचा करणे किट कंपन्यांना परवडण्यासारखे नव्हते, म्हणून जुन्याच पोलादात फेरफार करून नव्या वर्षाची गाडी कोरली जाई, आणि त्या क्षणी गेल्या वर्षाची गाडी कायमची नाहीशी होई. एखाद्या विशिष्ट वर्षाच्या न उघडलेल्या खोक्यासाठी आज भरमसाट किंमत मोजावी लागते, ती या खाडाखोडीमुळे. एएमटी आणि एमपीसीचा वारसा आता इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथील राउंड टू या कंपनीकडे आहे, आणि तिने काही हरवलेल्या गाड्या जुन्या किटवरून मापे घेऊन नव्या साच्यांत पुन्हा कोरल्या आहेत.

आपली बेल एअर या बाबतीत सुदैवी ठरली. ती जुनी होऊन तरुणांच्या हातात पडल्यावर, शर्यतीच्या वेडातून लोकप्रिय झाल्यावर तिची किटे निघाली. एएमटी, रेवेल आणि मोनोग्राम या तिन्ही कंपन्यांनी तिला आपापल्या साच्यांत ओतले, आणि ती आजही विकत मिळते.

[दृश्य : कामाचे टेबल. दिव्याखाली बॉडी, शेजारी पाते, चिमटा, पॉलिश पेपर.]

आता टेबलाकडे वळू. पहिले काम साबणाच्या पाण्याने सगळे भाग धुण्याचे. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश त्यांवर राहिला, तर रंग तिथून सरकतो. मग शिवण शोधायची. साच्याचे दोन भाग एकमेकांना जिथे मिळतात, तिथे परांच्या कडेवरून आणि छताच्या खांबांवरून केसासारखी एक रेघ उठलेली असते. ती पात्याच्या पाठीने खरवडली नाही, तर रंगाखाली लपण्याऐवजी अधिकच उठून दिसते.

यानंतर जाडीशी खरे भांडण सुरू होते. बॉडीची भिंत सगळीकडे पातळ करणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. डोळा जाडी फक्त कडेला मोजतो. म्हणून चाकांवरच्या कमानीची कड, बॉनेटची पुढची कड आणि बॉडीचा खालचा काठ एवढेच भाग आतल्या बाजूने तिरपे खरवडून धारेसारखे केले जातात. बाहेरून पाहणाऱ्याला धार दिसते आणि तो आत सगळीकडे तेवढाच पत्रा आहे, असे मानून चालतो. खिडक्यांचेही तसेच आहे. किटमधली पारदर्शक काच जाड असते आणि तिच्या कडांशी मागचे दृश्य वाकते, म्हणून काही जण ती बाजूला ठेवून पातळ अॅसिटेटच्या पत्र्यातून नवी काच कापून बसवतात.

दरवाज्यांच्या फटींची गंमत याच्या उलट आहे. त्या साच्यातच कोरलेल्या असतात, पण प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर अशा लेपांनी त्या भरून येतात. रंगालाही जाडी असते, हे इथे लक्षात येते. खऱ्या मोटारीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. तेवढाच थर या बॉडीवर चढला, तर प्रमाणात तो अडीच मिलिमीटर जाडीचा होईल, म्हणजे मोटारीवर गिलावा केल्यासारखा. म्हणून रंगवण्याआधी फटी पात्याच्या मागच्या टोकाने पुन्हा खोल केल्या जातात, आणि रंग एअरब्रशने, पातळ करून, अनेक हलक्या हातांनी दिला जातो. चंदेरी कण असलेला मोटारीचा रंग इथे चालत नाही, कारण कण २५ पट मोठे दिसतात आणि गाडीवर अभ्रकाचा चुरा शिंपडल्यासारखे वाटते.

आपल्या गाडीसाठी फिकट निळा आणि छतासाठी हस्तिदंती रंग निवडला आहे. शेव्हरोलेच्या त्या वर्षीच्या रंगपत्रिकेत या निळ्याचे नाव लार्कस्पर ब्लू, तर छतावरच्या रंगाचे नाव इंडिया आयव्हरी होते. या दुसऱ्या रंगाचा भारताशी संबंध नावापुरताच. शेव्हरोलेचा खरा संबंध मुंबईतल्या शिवडीशी. तिथे जनरल मोटर्सने १९२८ पासून खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांच्या गाड्या जोडल्या, म्हणजे पूर्ण आकाराची किटेच म्हणायची. बेल एअरचे हे वर्ष उजाडण्याआधीच ते जोडकाम थांबले होते.

[दृश्य : चंदेरी वर्ख बॉडीच्या पट्टीवर दाबला जातो. कॅमेरा अगदी जवळ.]

बेल एअरवर चकचकीत धातूची रेलचेल आहे, आणि किटमधून येणारा क्रोमचा मुलामा त्या कामी फारसा येत नाही. तो जाड असतो, आणि चौकटीपासून भाग कापला, की त्या जागी पांढरा डाग राहतो. बॉडीवरच्या पट्ट्या तर मुळात प्लॅस्टिकच्याच असतात. त्यांच्यासाठी मागे चिकट थर असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख मिळतो. वर्खाचा तुकडा पट्टीवर पसरायचा, कापसाच्या काडीने तो कडांपर्यंत घासायचा आणि कोऱ्या पात्याने पट्टीच्या दोन्ही बाजूंनी कापायचा. पाते जुने असेल, तर वर्ख कापला न जाता फाटतो, आणि हात जरा जड पडला, तर खालच्या रंगावर ओरखडा उमटतो. खिडकीच्या एका चौकटीला अर्धा तास लागणे नेहमीचे आहे. मागच्या परांवर मात्र बेल एअरला रेघांचा अॅल्युमिनियमचा पत्रा होता, त्यासाठी चकाकीऐवजी थोडा मंद वर्ख लावावा लागतो. डाव्या पराच्या मागच्या कडेला असलेल्या चंदेरी पट्टीआड पेट्रोल भरायचे झाकण दडलेले असे. त्या झाकणाची फट किटमध्ये दिसत नसेल, तर जाणकार ती सुईने कोरून घेतात.

नावाची अक्षरे सर्वांत अवघड. बॉडीवर उठावात असलेले ‘बेल एअर’ हे शब्द इतके बारीक असतात, की ब्रशने त्यांवर चंदेरी रंग लावणे म्हणजे ती बुजवणेच. इथे क्रम उलटा केला जातो. रंगवण्याआधीच अक्षरांवर वर्ख दाबून बसवायचा, त्यावरून संपूर्ण बॉडी रंगवायची, आणि रंग वाळल्यावर अक्षरांच्या माथ्यावरचा तेवढा रंग अलगद घासून काढायचा. खालून धातू वर येतो, आणि अक्षरांमधल्या फटींत निळा रंग तसाच राहतो. आमच्या मते या छंदातली सर्वांत हुशार युक्ती हीच.

इंजिन सहसा सर्वांत आधी जोडले जाते आणि बोलले जाते सर्वांत शेवटी, त्यामुळे आम्हीही तसेच केले. २८३ घनइंची, आठ सिलिंडरांचे हे इंजिन शेव्हरोलेच्या नारिंगी रंगात रंगवलेले आहे. त्याच्या मागच्या बाजूला ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर आहे आणि तिथून स्पार्क प्लगकडे आठ वायरी जातात. खरी वायर सात मिलिमीटर जाडीची असे, म्हणून इथे ०.२८ मिलिमीटरची, म्हणजे तांब्याच्या बारीक तारेएवढी वायर लागते. या वायरी कशाही लावून चालत नाही. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे, विषम अंकांची सिलिंडरे चालकाच्या डाव्या बाजूला आणि सम अंकांची उजव्या बाजूला आहेत, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावर वायरी त्या क्रमानेच फिरल्या पाहिजेत. अमेरिकेत टोलेडोच्या परिसरात १९८० पासून भरणाऱ्या एनएनएल या छोट्या मोटारींच्या मेळाव्यासारख्या ठिकाणी टेबलाशी वाकून, मनात आकडे म्हणत वायरी मोजणारे लोक भेटतात.

आतल्या गालिच्यासाठी रंगावर बारीक तंतूंची भुकटी चाळून टाकली जाते. डॅशबोर्डवरचे आकडे डेकलने, म्हणजे पाण्यात कागदावरून सुटणाऱ्या छापील चित्राने, येतात.

[दृश्य : चार काळे टायर, चार चाके.]

राहिली ती चाके. किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, आणि त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपत राहते. पॉलिस्टायरीनला ते लागले, की प्लॅस्टिक विरघळते. जुन्या गाड्यांच्या रिमवर टायरने कोरलेले खोल वळ दिसतात, आणि खोक्यात सुटा पडलेला टायर समोरच्या काचेत आपला ठसा कोरून बसल्याची उदाहरणेही अनेक आहेत. म्हणून टायर चढवण्याआधी रिमच्या कडेभोवती वर्खाची एक पट्टी गुंडाळायची. हा तोच वर्ख, खिडकीच्या चौकटीवरून उरलेला. तो टायरच्या आत जातो आणि बाहेरून दिसत नाही. मग टायर दाबून बसवायचे, गाडी चार चाकांवर टेकवायची आणि एक चाक अधांतरी तर राहिले नाही ना, ते पाहायला खाली वाकायचे.