मोरस भाजीत मीठ घालू नका

नमस्कार मंडळी.

बांधाला खांड पडून उधाणाचं पाणी शेतात शिरलं, की भाताचं काय होतं ते खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, कुणाला सांगायला नको. पण त्याच शेतात मोरसाची झुडपं कशी तरारतात! जमिनीतलं मीठ ओढायचं आणि जाड, पाणीदार पानांत साठवायचं, हा त्यांचा धंदा.

कृषीची पदवी घेऊन मी नुकताच गावी आलो होतो. काकी चुलीपाशी मोरस निवडत होती. आधी उकडून पाणी ओतून दिलं, मग पिळून कांद्या-लसणावर टाकली, वर मूठभर जवळा. मदत म्हणून मी मिठाला हात घातला, तर तिने मनगटच धरलं. "मोरसात मीठ घालतोस? शिकलास काय मग?"

 

तर, शिकलेला माणूस मी. मे महिन्यात शेतातली सगळी मोरस कापली आणि खत होईल म्हणून शेताच्याच कोपऱ्यात ढीग घातला. पाऊस लागला, रहू (मोड आणलेलं भाताचं बी) टाकला. शेत हिरवं झालं, तो कोपरा मात्र पिवळा, शेंडे भाजल्यासारखे. काकी बांधावर उभी राहून म्हणाली, "बाळा, मिठाची गोण शेतातनं उचललीस नि शेतातच ओतलीस की!"

म्हणून मंडळी, मोरस कापा आणि शेताबाहेर न्या. पुन्हा सांगतो, शेताबाहेर! कापलं नाही तरी पानं गळून मीठ परत मातीतच जातं. मी आता भारे बांधून बांधापलीकडे, खाडीच्या अंगाला टाकतो.

एकट्या मोरसाने जमीन गोडी होत नाही. मुख्य काम पावसाचं: गोडं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, सोडायचं. भात रोपवयात खाराला फार नाजूक, म्हणून बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं घ्या. पनवेल-१, २, ३ हे वाण खाऱ्या जमिनीसाठीच काढलेत.

आणि आज भरतीच्या आधी उघाडीचं दार नीट बसतंय का, तेवढं बघून या. आमचं गेल्या वर्षी अर्धा वीत उघडं राहिलं होतं.