अनंतपूर : तळ्याच्या नावाचा जिल्हा

गुत्तीच्या किल्ल्यावर कड्याच्या अगदी टोकाशी एक लहानसा मंडप आहे. ही मुरारराव घोरपड्यांची बैठक. तिथे उभे राहिले की खाली नजर पोहोचेल तिथवर तांबडे रान दिसते आणि त्यातून मध्येच उठलेले उघडेबोडके खडकाळ डोंगर. अठराव्या शतकात कर्नाटकाच्या लढायांत ज्यांच्या फौजेला आपल्या बाजूला वळवण्यासाठी इंग्रज, फ्रेंच आणि नबाब असे सगळेच धडपडत होते, ते मुरारराव इथून कारभार पाहत. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्तीला वेढा घातला. गडाने झुंज दिली. पण वरचे पाणी संपले आणि किल्ला त्याच्या स्वाधीन करावा लागला. मुराररावांचा शेवट हैदरच्या कैदेत झाला. या जिल्ह्याची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी, कारण पाण्यापायी हार पत्करण्याची वेळ या मातीवर पुढेही पुन्हा पुन्हा आली.

आंध्र प्रदेशातील रायलसीमेचा हा पश्चिमेकडचा भाग. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर रिते होऊन इथे पोहोचतात, आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ईशान्य मोसमी पावसाचा जोरही इथवर येईतो ओसरलेला असतो. दोन्ही पावसांच्या वाटेवर असूनही दोघांच्या शेवटच्या टोकाला पडलेल्या या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमीन तांबडी, हलकी, हातभर खणले की मुरूम. पेन्ना नदी जिल्ह्यातून वाहते खरी, पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र म्हणजे वाळूचा पट्टाच असतो.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. विजयनगरच्या काळात इथे तळी बांधली गेली. तेलुगूत तळ्याला ‘चेरुवु’ म्हणतात. गावोगावच्या या चेरुवुंनी पावसाचे चार थेंब अडवून धरले, आणि खुद्द अनंतपूरचे नावही अनंतसागरम् या तलावाशी जोडलेले आहे. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी पेनुकोंड्याला हलली, तीही याच भागात. पुढे १८०० मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांना दिला आणि थॉमस मन्रो इथे कलेक्टर होऊन आला. १८८२ मध्ये बळ्ळारीपासून वेगळा होऊन अनंतपूर जिल्हा झाला. २०२२ मध्ये त्यातूनच पुट्टपर्ती हे मुख्यालय असलेला श्री सत्यसाई जिल्हा निघाला. सरहद्द बदलली, पण पावसाचा हिशेब दोन्हीकडे तोच राहिला.

खरा बदल झाला तो पेरणीत. नाचणी, राळे, बाजरी, कुळीथ अशी कमी पाण्यावर तगणारी, एक गेले तरी दुसरे हाती लागणारी पिके मागे पडली आणि नगदी पैशासाठी भुईमूग आला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने लाखो हेक्टर व्यापले. भुईमुगाचे झाड जवळून पाहायला हवे. पिवळे फूल गळाले की त्याच्या जागी आऱ्या सुटतात. त्या वाकून मातीत शिरतात आणि शेंग धरते ती जमिनीच्या पोटात. नेमक्या त्याच दिवसांत पावसाने ओढ दिली की माती विटेसारखी घट्ट होते आणि आऱ्या वरच सुकून जातात. रान लांबून हिरवेगार दिसत असते, पण झाड उपटले की मुळाशी एखाददुसरी पोची शेंग. बियाण्याचा, मजुरीचा, खताचा खर्च तेवढ्यात कसा निघावा? दुष्काळाचे खापर आभाळावर फोडणे सोपे असले, तरी सगळा जिल्हा एका पिकाच्या भरवशावर सोडण्याचा निर्णय आभाळाचा नव्हता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

तळी गाळाने भरत गेली, तशी माणसे बोअरकडे वळली. एक कोरडे गेले की दुसरे, त्यासाठी सावकाराचे कर्ज, आणि कर्जाखाली खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या. जे तगले, त्यांतील कितीतरी कुटुंबे कामाच्या शोधात बंगळुरूची वाट धरतात. मागे घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात, आणि मुलांच्या शाळेचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

ठिबकावर मोसंबी, डाळिंब आणि केळीच्या बागा उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे. श्रीशैलमच्या जलाशयातील कृष्णेचे पाणी पंपांनी उपसून, टप्प्याटप्प्याने वर चढवून हंद्री-नीवा कालव्यातून इथे आणले जाते. पण बागेला बारमाही पाणी लागते, आणि कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या धन्याला ते परवडत नाही.

देशातील ग्रामीण रोजगार हमी योजनेचा प्रारंभ २ फेब्रुवारी २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाला, तो याच जिल्ह्यातील बंडलपल्ली या गावी. योजनेच्या कामांत गाळ काढणे होते, बांधबंदिस्ती होती, शेततळी होती. ज्या चेरुवुच्या काठी पूर्वजांनी भात लावला, त्याच्याच तळातील गाळ आता बायका पाट्यांनी उपसून बांधावर टाकू लागल्या.