रिले ‘टक’ वाजला म्हणजे हीटर तापला असे नाही

नमस्कार. गेले काही आठवडे बहुतेक प्रतिक्रियांत एकच प्रश्न येत आहे. जुना डिझेल ट्रक मुंबईत पहाटे विनातक्रार सुरू होतो. मात्र माल घेऊन दिल्लीच्या पुढे गेला की थंडीत सेल्फ मारून मारून बॅटऱ्या बसतात आणि सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते, म्हणून थंड हवा इनटेक हीटरने आधी तापवावी लागते, हे आपण जाणताच. बॅटऱ्या आणि सेल्फ ठीक आहेत असे धरून मी थेट हीटरकडे वळतो.

‘मुंबईत हीटर हवाच कशाला?’ असे एका प्रेक्षकाने विचारले आहे. इथे तो लागत नाही, हेच तर दुखण्याचे मूळ आहे. अनेक गाड्यांत हवा सुमारे १५ अंशांखाली गेल्याशिवाय हीटर चालूच होत नाही, आणि मुंबईत अशा पहाटा मोजक्याच असतात. त्यामुळे रिले, म्हणजे हीटरचा जाड करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, महिनोन्महिने निष्क्रिय राहतो, खाऱ्या दमट हवेने त्याचे स्टड, म्हणजे केबल जोडायचे बोल्ट, हिरवे पडतात आणि बिघाड कळतो तो घरापासून हजार मैलांवर.

कळंबोलीला एका ट्रकमालक काकांनी मला त्यांची गाडी दाखवली. दुसऱ्या एका गॅरेजने हीटर बदलून दिला होता, तरी तक्रार कायम होती. ‘रिले टक वाजतो, बल्बही लागतो, मग करंट येतोच आहे ना?’ असे ते वारंवार म्हणत होते. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण त्यापायी लोकांचे हजारो रुपये वाया जातात. ‘टक’ हा आवाज रिलेच्या कॉइलने, म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाने, ओढलेल्या भागाचा असतो. हीटरचा करंट ज्यांतून जातो ते आतले संपर्क जळलेले असले तरी तो येतोच.

बल्बही तसाच फसवतो. टेस्टिंगच्या बल्बला एखादा ॲम्पिअर पुरतो, तर हीटर शंभरच्या आसपास ॲम्पिअर ओढतो. २४ व्होल्टला १०० ॲम्पिअर म्हणजे २४०० वॉट, घरातल्या गिझरइतका भार. जळक्या संपर्कातून बल्बापुरता करंट सहज जातो, गिझरचा जात नाही.

मल्टीमीटरने ओहम मोजणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. अशा हीटरचा रोध ०.२४ ओहम भरतो आणि मीटरच्या दोन तारांचा स्वतःचा रोधही जवळपास तेवढाच असू शकतो, त्यामुळे त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. उलट संपर्कात केवळ ०.०५ ओहमचा अडथळा आला, तरी चालू हीटरचे चार व्होल्ट तिथेच खर्च होतात.

म्हणून मोजायचे ते भार असताना. हीटर चालू व्हावा यासाठी मी काकांच्या गाडीतला हवेच्या तापमानाचा सेन्सर काढला आणि कनेक्टर न सोडवता त्याचे टोक रसवंतीवरून आणलेल्या बर्फाच्या वाटीत धरले. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक रिलेच्या बॅटरीकडच्या जाड स्टडवर आणि दुसरे हीटरकडच्या स्टडवर टेकवले. चावी फिरवण्याआधी मीटरने २४ दाखवले, म्हणजे फ्यूज, हीटर आणि अर्थ यांत कुठेही तार तुटलेली नव्हती. तिथे शून्य आले असते तर आधी तेच शोधावे लागले असते. चावी फिरवली, ‘टक’ झाले आणि आकडा ५ वर येऊन थांबला. चांगल्या रिलेत तो जवळपास शून्यावर यायला हवा. काकांनी रिले हाताळून पाहिला आणि चटकन बोटे मागे घेतली, इतका तो तापला होता.

अशीच मोजणी रिलेपासून हीटरपर्यंतच्या केबलवर आणि हीटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत करावी. थिंबलखालचा, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा, हिरवा थर घासून काढल्याशिवाय नवा रिले बसवू नये, अन्यथा तोही जळेल.

आणि हात जोडून सांगतो, हीटर असलेल्या गाडीच्या हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. ईथर डिझेलपेक्षा कमी तापमानाला पेटतो, आणि हीटरच्या तापलेल्या जाळीवर त्याचा मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतच, स्फोट होतो. घाटात अडकलात तरी आधी हीटरची जाड केबल काढून ती सुरक्षित गुंडाळून ठेवा, आणि मगच दुसऱ्या उपायाचा विचार करा.