चाड्यावरची मूठ

(शाळेचा व्हरांडा. टेबलावर लाकडी वाटी.)

तळहातावर मावेल एवढी लाकडी वाटी. कड झिजून गुळगुळीत झालेली. बुडाला तीन भोकं.

ही कशाची असेल?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आम्ही ती सातवीच्या वर्गापुढे ठेवली. एक म्हणाला, पेनस्टँड. दुसरीला मेणबत्त्या आठवल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गाळणी. पण चहाची नाही, उसाच्या रसाची." गुरुजींनाही सांगता येईना. ते नुसते हसले.

गंमत म्हणजे दर जूनमध्ये हीच वाटी पेपरच्या मथळ्यात असते. 'बळीराजाची चाड्यावर मूठ'. मथळा पोरांच्या ओळखीचा. चाडं कुणी पाहिलेलं नव्हतं.

(आजी वाटी हातात घेतात.)

आजींनी वाटी उलटी केली, एका भोकात करंगळी घालून फिरवली. वाळकी माती निघाली. "तिफणीचं हाय," त्या म्हणाल्या.

तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. तिला तीन फण. प्रत्येक फणात बांबूची पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर येऊन या चाड्याच्या भोकांना मिळतात. पुढे बैल, तिफण दाबून धरणारा गडी, मागोमाग बाई. बी ओटीत, उजवी मूठ चाड्यावर. मूठ गोल फिरवत अंगठ्याने दाणे सोडायचे, तिन्ही भोकांत सारखे. मूठ सैल सुटली की पीक दाट उगवतं, आवळली की विरळ. पाऊल बैलाच्या चालीने आणि हात पावलाच्या. वापसा नसताना, म्हणजे माती फार ओली असताना तिफण घातली, तर काळी माती फणाच्या तोंडाशी बसते आणि नळी तुंबते. बी वरून पडत राहतं. ते साचून चाड्यात दिसेपर्यंत बरंचसं तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरडं गेलेलं असतं. मग चार-पाच दिवसांनी कोंभ वर आले, की बांधावरून जाणारा प्रत्येक जण बघणार, कुणाचा हात चुकला ते.

"मूठ फिराय लागली की गप ऱ्हायचं," आजी म्हणतात. "बोललं की हात चुकतो."

(रिकाम्या चाड्यावर फिरणारी आजींची मूठ. दहा सेकंद निवेदन नाही.)

ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, बैल विकले गेले, पेरणीच्या रोजावर जाणाऱ्या बायकांचं काम गेलं.

(पाण्याने भरलेलं घंगाळ.)

आता तांब्याची वाटी. बुडाला एकच बारीक भोक. पोरं एका सुरात ओरडली, "छोटं चाडं!"

ही शेतात कधी गेली नाही. पाण्यावर सोडली की भोकातून हळूहळू भरते आणि बुडते. भरली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा ६०. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधायचे. 'घटका भरली' असं आपण अजून म्हणतो, ते इथूनच. आमची वाटी २२ मिनिटांतच बुडाली, भोक झिजलं असणार. तुम्हाला हे वेग वाढवून दाखवतोय. पोरं मात्र खरोखर बसून होती. निदान पहिली चार मिनिटं.

एकमेकांना 'पायलीचे पन्नास' म्हणून चिडवणाऱ्या याच पोरांना धान्य मोजायची चार शेरांची पायली कुंडी वाटली. १९५८ पासून मेट्रिक मापं लागू होत गेली, तशी ती माळ्यावर गेली.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९६२ मध्ये संग्रह शासनाच्या हवाली केला. त्यामुळे त्या निदान बघायला तरी मिळतात. पण चाडं काचेआड ठेवलं, तर पाटीवर 'पेरणीचे साधन' यापलीकडे काय मावणार? म्हणून आम्ही आजींचा हात तीनदा चित्रित केला, तिन्ही वेळा जवळून.

(फरशीवर अंथरलेलं वर्तमानपत्र.)

आजींनी मग मूठभर ज्वारी मागवली. गाळणीवाला पुढे आला. एकाने चाडं उचलून धरलं, याने मूठ फिरवली. सगळे दाणे एकाच भोकातून खाली.

"दोन तासं कोरडी गेली तुझी," आजी म्हणाल्या. "धर पुन्हा."