तरुण मुलं चर्चपासून नेमकी कधी आणि कशी दुरावतात?

चर्चच्या मंडळीत कुणी म्हटलं, 'आमची तरुण मुलं हल्ली उपासनेला येत नाहीत,' की कारणं लगेच पुढे येतात. मोबाइल. संगत. काळच तसा आलाय. पण ज्या मुलांना कुणीतरी नीट विचारलं, त्यांची उत्तरं ऐकलीत तर मोबाइलवर खापर फोडून मोकळं होता येत नाही.

अमेरिकेतल्या लाइफवे रिसर्च या संस्थेने २०१७ मध्ये २३ ते ३० वयाच्या तरुणांना विचारलं. शाळेत असताना हे सगळे प्रोटेस्टंट चर्चला नियमित जाणारे. त्यांतल्या ६६ टक्क्यांनी १८ ते २२ या वयात किमान वर्षभर तरी चर्चला जाणं थांबवलं होतं.

[स्क्रीनवर: ३४, ३२, २९, २५ टक्के]

कारणं ऐका. ३४ टक्के म्हणाले, कॉलेजसाठी दुसरीकडे गेलो. ३२ टक्के म्हणाले, चर्चमधली माणसं नावं ठेवणारी किंवा दुटप्पी वाटली. २९ टक्क्यांना तिथे कुणाशी जवळीकच वाटेना. २५ टक्क्यांना चर्चच्या सामाजिक-राजकीय भूमिका पटल्या नाहीत. आकडे एका देशातले, एका परंपरेतले आहेत, हे मान्य. तरी बघा, 'देवावरचा विश्वास उडाला' हे उत्तर या पहिल्या चारांत नाही.

आता 'दुसरीकडे गेलो' म्हणजे काय घडतं ते जरा सावकाश बघू. एक मुलगी शिकायला परक्या शहरात गेली असं समजा. पहिला रविवार खोली लावण्यात गेला. दुसऱ्या रविवारी तिने जवळचं चर्च शोधून काढलं, जाऊन मागच्या बाकावर बसली. गीत ओळखीचं, माणूस एकही नाही. बाहेर पडताना पाळकांनी हात मिळवला, 'नवीन का? येत जा हं,' म्हणाले आणि मागच्या माणसाकडे वळले. तिसऱ्या रविवारी अभ्यास होता, म्हणून ती गेली नाही. ती आली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आली होती हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. सुट्टीत घरी परतली, तर तरुण संघातले सोबती पांगलेले. मोठी माणसं प्रेमाने हसली, पण तिच्याशी काय बोलायचं हे त्यांना सुचेना.

या मुलीने चर्च सोडायचं कधी ठरवलंच नव्हतं. आजही विचारलंत तर ती स्वतःला ख्रिस्तीच म्हणेल.

मला वाटतं, याचं मूळ ती पाच वर्षांची असतानाच पडलेलं असतं. मोठ्यांची उपासना चालू असताना आपण मुलांना वेगळ्या खोलीत, संडे स्कूलला, बसवतो. संडे स्कूलची चळवळ वाढली ती इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला, १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केलेल्या शाळांपासून. आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना त्यांच्या एकाच सुट्टीच्या दिवशी वाचायला शिकवायचं, हा हेतू. फार मोलाचं काम. पण पुढे मंडळीतल्या मुलांचाही रविवार त्याच खोलीत जाऊ लागला, मग किशोरांचा गट आला, मग तरुण संघ. तेरा वर्षं मूल 'चर्चला जातं', पण मोठ्यांच्या मंडळीची आणि त्याची गाठ पडते ती नाताळच्या नाटकापुरती. अठराव्या वर्षी ती खोली संपते, आणि मंडळीत त्याचं असं कुणी नसतं.

फुलर युथ इन्स्टिट्यूट या संस्थेतल्या अभ्यासकांनी यावर एक साधा विचार मांडलाय. आपण नेहमी पाच मुलांमागे एक शिक्षक असा हिशेब करतो. तो उलटा करा, एका मुलामागे पाच मोठी माणसं. पाचही जणांनी शिकवायला हवं असं नाही. नाव माहीत असणं, परीक्षा कधी आहे हे ठाऊक असणं, आजारपणात फोन करणं, इतकंच. लाइफवेच्या अभ्यासातही टिकून राहिलेल्यांत ही गोष्ट ठळक दिसली: मंडळीतल्या निदान एका मोठ्या माणसाने किशोरवयात त्यांच्यासाठी मनापासून वेळ दिला होता.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. पंधरा वर्षांचा मुलगा वर्गात विचारतो, 'आपण सगळ्यांनी आजीसाठी प्रार्थना केली, मग ती का गेली?' शिक्षक गडबडतात आणि म्हणतात, 'विश्वासात कमी पडलो असू आपण.' त्या क्षणी त्या मुलाने दोन गोष्टी शिकलेल्या असतात. आजी गेली त्याला आपण जबाबदार, आणि इथे पुन्हा काही विचारायचं नाही. हे मला फार लागतं, कारण बायबल असं वागत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमा हा शिष्य साफ सांगतो, येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय तो पुन्हा उठलाय यावर मी विश्वास ठेवणार नाही. तरी आठ दिवसांनी तो कुठे आहे? त्याच घरात, त्याच शिष्यांबरोबर. त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. आपल्या तरुण संघात असा थोमा आठ दिवस टिकेल का?

दुटप्पीपणाबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट बोलतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार चर्चने झाकल्याचं उघड झालं, आणि त्याच वर्षी तिथल्या कार्डिनलना, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखांना, राजीनामा द्यावा लागला. अशा जखमेमुळे कुणी दूर गेलं असेल, तर त्याला परत बोलावण्याआधी त्याची माफी मागायला हवी.

घरच्यांसाठीही एक गोष्ट आहे. व्हर्न बेंगट्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९७० पासून अनेक दशकं कुटुंबांच्या पिढ्यांचा अभ्यास केला. श्रद्धा मुलांपर्यंत पोचण्यात आईवडिलांशी असलेल्या जिव्हाळ्याचा, विशेषतः बापाच्या मायेचा, मोठा वाटा त्यांना दिसला. बाप स्वतः भक्तिमान आहे पण मुलाशी धड बोलत नाही, अशा घरात श्रद्धा पुढे जाणं अवघड होतं.

म्हणून मंडळीने तरुणांसाठी गिटार घेतली, दिवे लावले, की माझा विरोध नसतो, पण त्या दिव्यांच्या खर्चाआधी दुसरं एक काम करून बघा. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. फिबी नावाची बहीण रोमला निघालीय, आणि पौल तिथल्या मंडळीला लिहितो: हिचं स्वागत करा, हिला जे लागेल त्यात मदत करा. तुमच्या मंडळीतून या वर्षी कोण बाहेर चाललंय त्यांची नावं काढा. ते ज्या शहरात जाणार तिथल्या पाळकांना, किंवा ओळखीच्या एखाद्या कुटुंबाला, मूल पोचायच्या आधी फोन करा. नाव सांगा, गातं की नाही सांगा, पहिल्या रविवारी जेवायला बोलवा म्हणावं. आणि महिन्याभराने त्या मुलालाच फोन करा.